अमेरिकेतील टोकाच्या हवामानाच्या घटना: व्याख्यानासाठी नेमके काय निवडावे?

वेदगंगाकाठ, निपाणी

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा ‘अमेरिकेच्या इतिहासातील टोकाचे हवामान’ या विषयावर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झालो असल्यामुळे वारे, दाब आणि पाऊस यांची मांडणी मला जमेल. अडचण आहे ती निवडीची. श्रोत्यांमध्ये वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णेच्या काठची माणसे बहुसंख्य असतील. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले, तेव्हा ज्यांनी जनावरांची दावी सोडून ती माळावर नेली, गंजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत) दिवस काढले आणि पाणी ओसरल्यावर पडक्या भिंतींचे पंचनामे करून घेतले, त्या लोकांपुढे केवळ मृतांचे आकडे आणि वाऱ्याचे वेग वाचून दाखवणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या टिपणात सध्या १९०० सालचे गॅल्व्हस्टनचे चक्रीवादळ, १९२५ चा तीन राज्यांतून गेलेला टोर्नेडो (ढगापासून जमिनीपर्यंत आलेला वाऱ्याचा वेगवान भोवरा), १९२७ चा मिसिसिपीचा महापूर, १९३० च्या दशकातील धुळीची वादळे आणि २००५ चे कतरिना चक्रीवादळ एवढ्या घटना आहेत. यांतील कोणती ठेवावी, कोणती गाळावी आणि माझ्या नजरेतून काही सुटले आहे का, हे जाणकारांनी सांगावे. दोन शंका विशेष आहेत. गॅल्व्हस्टनमध्ये सुमारे आठ हजार माणसे गेली असे सर्वत्र वाचायला मिळते. मग वादळ येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते का? आणि टोर्नेडोचा इशारा देण्यास अमेरिकेत एके काळी सरकारी मनाई होती, असे मी कुठेतरी वाचले आहे, ते खरे आहे काय?

प्राध्यापक, टिळकवाडी, बेळगाव

सर, आपल्या दोन्ही शंकांची मुळे एकाच ठिकाणी आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

गॅल्व्हस्टन हे टेक्सासच्या किनाऱ्याला लागून असलेल्या वाळूच्या बेटावरचे, कापसाच्या निर्यातीवर भरभराटीला आलेले बंदर. बेटाचा सर्वांत उंच भागदेखील समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्या आत होता आणि ८ सप्टेंबर १९०० रोजी वादळाने लोटलेले समुद्राचे पाणी पंधरा फुटांहून अधिक चढले. समुद्राला भिंत घालावी असा विचार शहरात त्यापूर्वी झालेला होता. परंतु तेथील हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली स्थानिक वृत्तपत्रात लेख लिहून, या शहराला चक्रीवादळापासून गंभीर धोका असल्याची समजूत निराधार आहे, असे ठामपणे मांडले आणि ते मत खर्चाला नाखूश असलेल्यांच्या पथ्यावर पडले.

वादळाची चाहूल कोणालाच नव्हती, असे म्हणता येत नाही. ते क्युबावरून पुढे सरकले, तेव्हा हवानाच्या बेलेन वेधशाळेतील जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या अभ्यासकांनी ते मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्सासकडे जाईल असा अंदाज बांधला होता. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचा क्युबातील अंदाजकर्त्यांवर विश्वास नव्हता. त्यांचे हवामानविषयक तारसंदेश त्या काळात रोखून धरले गेले होते, आणि वादळ फ्लोरिडावरून अटलांटिककडे वळेल असे खाते धरून चालले होते. वर्षानुवर्षे त्याच समुद्रात वादळांचे निरीक्षण करणाऱ्यांचे ऐकले गेले नाही. कल्लोळ-यडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की पुढे कोणत्या गल्लीत पाणी शिरणार, हे ज्यांना कोणी सांगावे लागत नाही, त्या आपल्या श्रोत्यांना यातला अन्याय लगेच समजेल.

एक प्रसंग अवश्य सांगा. समुद्राकाठच्या सेंट मेरी अनाथालयातील नन्सनी, लाटांत मुले वाहून जाऊ नयेत म्हणून, कपडे वाळत घालण्याच्या दोरीने त्यांना आपल्या कमरेला बांधून घेतले होते. इमारत कोसळली, दहा नन्स आणि नव्वद मुले गेली, आणि मृतदेह सापडले तेव्हा दोऱ्या तशाच बांधलेल्या होत्या. तीन मोठे मुलगे झाडाला धरून राहिल्यामुळे वाचले. क्लाइन यांचे स्वतःचे घरही त्या रात्री पडले आणि त्यांच्या पत्नी त्यात गेल्या. हेही सांगावे, म्हणजे श्रोते त्यांच्याकडे केवळ दोषी म्हणून पाहणार नाहीत.

टोर्नेडोविषयीची मनाई खरी आहे. १८८० च्या दशकात, त्या वेळी हवामानाचे काम पाहणाऱ्या लष्कराच्या सिग्नल कोअर या संदेशवहन विभागातील जॉन फिनली या तरुण अधिकाऱ्याने टोर्नेडोच्या अंदाजाचे प्रयोग सुरू केले होते; पण अशा इशाऱ्याने होणारी घबराट वादळापेक्षा अधिक नुकसान करील, असे म्हणून वरिष्ठांनी ते बंद केले आणि सरकारी अंदाजात टोर्नेडोचा उल्लेख न करण्याचे धोरण १९३८ पर्यंत टिकले. १८ मार्च १९२५ चा टोर्नेडो याच काळातला आहे. मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतून तो सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बेळगाव ते पुणे एवढे अंतर, साडेतीन तासांत कापत गेला. ६९५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी २३४ एकट्या मर्फिसबरो गावातली होती. वाटेतील गावांना कोणताही इशारा मिळाला नव्हता. मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर फॉबुश आणि मिलर या लष्करी हवामानतज्ज्ञांनी पहिल्यांदा नेमका अंदाज वर्तवला आणि त्याच संध्याकाळी टोर्नेडो खरोखरच त्या तळावर आला, तेव्हा कुठे ‘हे सांगताच येत नाही’ या समजुतीला तडा गेला.

निवृत्त पाटबंधारे अभियंता, गोकाक

वेदगंगाकाठ सर, आपल्या यादीत ३१ मे १८८९ चे जॉन्सटाउन नाही, ही मोठी उणीव आहे. माझे मत विचाराल तर धुळीची वादळे आणि कतरिना गाळून त्या जागी हीच घटना सविस्तर घ्यावी. धुळीचा काळ ही एक घटना नव्हे, दशकभर चाललेली प्रक्रिया आहे; ती तासाभराच्या व्याख्यानात मावत नाही.

पेन्सिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावापासून सुमारे २२ किलोमीटर वर साउथ फोर्क नावाचे मातीचे जुने धरण होते. ते श्रीमंतांच्या मासेमारी व शिकारीच्या क्लबने घेतले होते. अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे उद्योगपती त्याचे सभासद होते. धरणाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी असलेले लोखंडी नळ आधीच्या मालकाच्या काळात काढून विकले गेले होते आणि क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत. धरणाच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या एकमेकींना ओलांडून जाव्यात म्हणून माथा उतरवून रुंद करण्यात आला. तलावात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवर, जाळ्या बसवल्या. मग मेअखेरीस त्या खोऱ्यात एका दिवसात सहा ते दहा इंच पाऊस झाला, जाळ्यांत काटक्या आणि पाला अडकला, सांडवा तुंबला आणि पाणी माथ्यावरून वाहू लागले. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते मागील उतार खणत जाते. पुढे काय होणार हे आमच्या खात्यातील कनिष्ठ माणसालाही ठाऊक असते.

धरण दुपारी तीनच्या सुमारास फुटले आणि तासाभरात लोंढा गावात पोहोचला. २,२०९ माणसे गेली. ९९ कुटुंबांत मागे कोणीच उरले नाही. वाहून आलेली घरे, झाडे, रेल्वेचे डबे आणि काटेरी तार दगडी रेल्वे पुलाशी अडकून मोठा ढीग झाला आणि त्याला आग लागली, त्यामुळे पाण्यातून वाचलेलेही कित्येक जण तिथे जळून गेले.

आपल्या श्रोत्यांना परिमाण कळावे म्हणून सांगतो. त्या तलावात अर्धा टीएमसी पाणी होते. हिडकल जलाशयाची क्षमता ५१ टीएमसी आहे. ही तुलना भीती घालण्यासाठी करत नाही. हिडकलला दरवाजे आहेत, पाण्याची आवक आणि विसर्ग तासातासाला मोजला जातो, आणि घटप्रभा चढली की लोळसूरच्या पुलावरची वाहतूक थांबवली जाते. मुद्दा असा की, पाणी किती साठले आहे याइतकेच ते सुरक्षितपणे सोडण्याची वाट शाबूत आहे का, याला महत्त्व आहे. जॉन्सटाउनमध्ये ती वाट माशांसाठी बंद केली गेली. दुसरी गोष्ट इशाऱ्याची. त्या दिवशी तारेने इशारे गेले होते, पण धरण फुटणार ही आवई गावकऱ्यांनी दर पावसाळी हंगामात ऐकलेली असल्यामुळे फारसे कोणी मनावर घेतले नाही. न्यायालयांनी ही ईश्वरी आपत्ती मानली आणि पीडितांना क्लबकडून भरपाई मिळाली नाही.

शिक्षिका, खानापूर

गुरुजी, सुटलेल्या घटनांमध्ये माझ्याकडून १२ जानेवारी १८८८ चे हिमवादळ जोडते. नेब्रास्का आणि डकोटाच्या सपाट माळरानावर त्या दिवशी सकाळी बऱ्याच दिवसांच्या कडाक्यानंतर हवा उबदार झाली होती, म्हणून मुले जाड कोट न घालता शाळेला गेली आणि शेतकरी जनावरांना बाहेर घेऊन गेले. दिवस चढल्यावर काही मिनिटांत वाऱ्यासोबत पिठासारखा बारीक बर्फ आला, हाताचे बोट दिसेना आणि तापमान झपाट्याने उतरत गेले. पुष्कळ ठिकाणी शाळा सुटण्याची वेळ आणि वादळ एकच झाले. सुमारे २३५ माणसे दगावली, त्यांत वाटेत सापडलेली शाळकरी मुले पुष्कळ होती. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या गवताळ मातीच्या शाळेचे छप्पर उडाले, तेव्हा तिने सगळ्या मुलांना एकत्र ठेवून जवळच्या शेतघरापर्यंत सुखरूप नेले. तिने मुलांना दोरीने बांधले होते असे लोक सांगतात, पण तो भाग दंतकथेचा असू शकतो, त्यामुळे व्याख्यानात तो खात्रीने सांगू नये.

आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडील वाड्यांतील मुले जंगलातल्या वाटेने, नाले ओलांडून शाळेला येतात. जुलैत धुवाधार पाऊस लागला की सुट्टीचा आदेश येईपर्यंत निम्मी मुले घरून निघालेली असतात आणि त्यांना परत पाठवावे की शाळेत थांबवून ठेवावे, हा निर्णय वर्गशिक्षिकेलाच करावा लागतो. त्या दिवशीच्या डकोटातील शिक्षिकांपुढे, बहुतेकींचे वय अठरा-वीसच्या आतबाहेर असताना, हाच प्रश्न होता. ज्यांनी मुलांना वर्गात थांबवून, बाके तोडून शेगडी पेटती ठेवली, त्यांची मुले वाचली. श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील तर ही घटना त्यांना आत कुठेतरी लागेल. हवामानाचे काम तेव्हा लष्कराकडे होते. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, ते कृषी खात्याच्या अखत्यारीतील नागरी हवामान खात्याकडे आले.

कोरडवाहू, अथणी

अभियंता साहेबांचा पूर्ण आदर राखून मला त्यांच्याशी असहमती नोंदवायची आहे. धुळीचा काळ गाळला तर व्याख्यान फक्त पाण्याचे होईल, आणि आपल्या सीमाभागात नदीकाठापेक्षा पाण्याची वाट पाहणारी गावे काही कमी नाहीत. पूर येऊन आठवड्यात ओसरतो. जमीन गेली तर पिढी जाते.

ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या कमी पावसाच्या पट्ट्यात गवताची मुळे मातीला हजारो वर्षे धरून होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला चांगला भाव आला, ट्रॅक्टर आले, आणि लाखो एकर गवताळ जमीन नांगरली गेली. पुढे भाव कोसळल्यावर तेवढेच पैसे हाती यावेत म्हणून शेतकऱ्यांनी आणखी जमीन फोडली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पाऊस दडी मारून बसला, पीक उगवलेच नाही आणि उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर निघाली. मे १९३४ च्या वादळातील धूळ न्यूयॉर्कपर्यंत आणि अटलांटिकमधील जहाजांवर जाऊन पडली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर दुपारी अंधार झाला. त्या दिवसाला ‘काळा रविवार’ म्हणतात. घराच्या फटींना ओल्या चादरी लावल्या तरी धूळ आत येई, आणि धुळीने होणाऱ्या न्यूमोनियाने मुले व म्हातारी माणसे मरत होती. या दशकात सुमारे २५ लाख लोकांनी मैदानी प्रदेश सोडला.

साहेब म्हणतात ही प्रक्रिया आहे. मान्य आहे, पण तिला तारीखही आहे. काळ्या रविवारनंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिल १९३५ रोजी, मृदासंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट या मृदातज्ज्ञांनी वर्षानुवर्षे जे सांगितले होते, ते राजधानीच्या आकाशात धूळ दिसल्यावर लोकप्रतिनिधींना पटले. समपातळीवर नांगरट, पट्टा पद्धतीची पिके आणि नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे २२ कोटी झाडांचे वारारोधक पट्टे, हे सगळे त्यानंतर आले. आमच्या तालुक्यात ताली आणि समपातळी बांध कोणासाठीच नवे नाहीत, त्यामुळे हा भाग समजावून सांगण्यात वेळ जाणार नाही. कृष्णाकाठी मात्र आपण उलट्या टोकाने त्याच ठिकाणी चाललो आहोत: उसाला बेसुमार पाणी देऊन काळ्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत, पांढरा फुलोरा आलेल्या रानात आता गवतही धरत नाही. भाव चांगला असताना जमिनीकडून किती घ्यायचे, हा प्रश्न मला व्याख्यानात ऐकायला आवडेल.

उष्णतेचा एक आकडा हवा असेल तर हा घ्यावा: १९३६ साली एकट्या नॉर्थ डकोटा राज्यात फेब्रुवारीत उणे ५१ आणि जुलैत ४९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

वेदगंगाकाठ, निपाणी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. जॉन्सटाउन, गॅल्व्हस्टन आणि धुळीचा काळ हे तीन नक्की केले. ताईंनी सांगितलेला शाळेचा प्रसंगही घेईन. टोर्नेडो आपल्याकडे क्वचितच होतात, म्हणून तो भाग आटोपशीर ठेवेन, पण मनाईची हकिकत सोडणार नाही. १९२७ बद्दल मन द्विधा आहे. आमच्याकडे अलमट्टी धरणाच्या उंचीवरून वातावरण तापलेले असते, तेव्हा पुराचे पाणी कोणाच्या अंगावर जावे हा विषय काढावा की टाळावा?

निवृत्त पाटबंधारे अभियंता, गोकाक

अथणीकरांचा मुद्दा मला पटला. धुळीचा काळ ठेवा. १९२७ देखील टाळू नका, फक्त अलमट्टीचे नाव न घेता सांगा, श्रोते आपले आपण जोडून घेतील.

मिसिसिपीला केवळ बांध घालून काबूत ठेवायचे, पाण्याला बाजूला पसरायला वाटा ठेवायच्या नाहीत, असे लष्कराच्या अभियंत्यांचे त्या वेळचे धोरण होते. १९२६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून खोऱ्यात पाऊस थांबेना, आणि २१ एप्रिल १९२७ रोजी मिसिसिपी राज्यातील माउंड्स लँडिंग येथे बांध फुटला. एकूण सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर प्रदेश बुडाला, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या पाचपट. सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. बांधावरच्या छावण्यांत अडकलेल्या कृष्णवर्णीय कुळांना जमीनदारांच्या आग्रहाखातर बाहेर जाऊ दिले गेले नाही आणि बंदुकीच्या पहाऱ्यात बांधाची कामे करवून घेतली, ही बाब अनेक जण वगळतात; आपण वगळू नये.

२९ एप्रिलला न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी खालच्या अंगाला कॅनार्व्हन येथे बांध सुरुंगाने उडवून दोन ग्रामीण परगण्यांवर पाणी सोडण्यात आले. भरपाईचे वचन शहरातील धनिकांनी दिले होते. बहुतेकांच्या हाती फारच थोडे पडले. आणि वरच्या बाजूला बांध आधीच फुटल्यामुळे शहरावरचा धोका उतरलेला होता, म्हणजे तो स्फोट करण्याची गरजच नव्हती. १९२८ च्या कायद्यानंतर धोरण बदलले आणि पुराच्या पाण्यासाठी बाजूच्या ठरावीक वाटा आखण्यात आल्या. २०११ मध्ये मिसूरीत अशीच एक वाट उघडून इलिनॉयमधील कैरो गाव वाचवण्यात आले आणि सुमारे १,३०,००० एकर शेती पाण्याखाली गेली. मात्र ते क्षेत्र पूरवाट म्हणून आधीच आखून ठेवलेले होते. कोणाच्या रानात पाणी जाणार हे पूर येण्यापूर्वी कागदावर ठरलेले असणे आणि ऐन रात्री ठरवले जाणे, यांत फार अंतर आहे. कतरिना वेगळे घेण्याची गरज नाही. याच न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली कालव्यांच्या संरक्षक भिंती, काही ठिकाणी पाणी माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच, पायातून सरकल्या आणि शहराचा ८० टक्के भाग बुडाला, एवढे १९२७ च्या शेवटी सांगितले की पुरे.

डॉक्टर, चिकोडी

एक छोटी सूचना. वारा आणि पाणी डोळ्यांना दिसते, उष्णता दिसत नाही, म्हणून ती व्याख्यानांतून निसटते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत तापमान ४१ अंशांवर गेले आणि आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. मृतांत एकटी राहणारी वृद्ध माणसे प्रामुख्याने होती. चोरीच्या भीतीने त्यांनी दारे-खिडक्या बंद ठेवल्या होत्या आणि चौकशीला येणारे कोणी नव्हते. मुले पुण्या-बंगळूरला आणि आई-वडील गावी, अशी घरे आपल्या भागातही वाढली आहेत. पाच मिनिटे याला द्यावीत, ही विनंती.

वेदगंगाकाठ, निपाणी

डॉक्टर साहेब, जरूर देईन. प्राध्यापक महोदयांना शेवटची शंका विचारतो: गॅल्व्हस्टन सोडून लोक दुसरीकडे का गेले नाहीत? २०१९ नंतर नदीकाठच्या गावांच्या पुनर्वसनाची चर्चा आमच्याकडे दर पावसाळ्यात होते, त्यामुळे हा प्रश्न सभेत येणार हे नक्की.

प्राध्यापक, टिळकवाडी, बेळगाव

सर, काही जण गेले, आणि बंदराचा बराचसा व्यापार पुढे ह्यूस्टनने ओढून घेतला. राहिलेल्यांनी मात्र जमीनच वर उचलली. प्रथम १९०२ ते १९०४ या काळात १७ फूट उंचीची समुद्रभिंत बांधली आणि त्यानंतर, १९११ पर्यंत, घरे स्क्रू-जॅकवर उचलून त्यांच्या खाली समुद्रतळातील वाळू पाण्याबरोबर पंपाने भरली. सुमारे २,००० इमारती अशा उचलल्या गेल्या. सेंट पॅट्रिक चर्चचे वजन ३,००० टन होते आणि त्याला सुमारे ७०० जॅक लावून पाच फूट वर घेतले. आपले घर उचलण्याचा खर्च घरमालकाने सोसायचा आणि वाळू भरण्याचा सरकारने, अशी वाटणी होती. काम चालू असताना माणसे उंच फळ्यांच्या पायवाटांवरून ये-जा करीत. १९१५ साली जवळपास तेवढ्याच ताकदीचे वादळ पुन्हा आले, तेव्हा भिंतीमागच्या शहरातील जीवितहानी अगदी मर्यादित राहिली आणि बेटाच्या भिंतीबाहेरच्या भागातील घरे वाहून गेली. सभेत हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू सांगाव्यात: जागा न सोडता वाचता येते, पण त्यासाठी आठ-नऊ वर्षे सलग पैसा आणि श्रम लागले, आणि भिंत जिथे संपली तिथे संरक्षणही संपले.